सतरा नंबरची बाटली

१

शंभूराज सापडला तेव्हा त्याच्या मनगटावरचं घड्याळ अजून चालू होतं. अंतराचा आकडा चव्वेचाळीस किलोमीटरवर थांबला होता, पण वेळेचे आकडे आपले पुढं पुढं चाललेले.

कोल्हेघळीच्या तिसऱ्या वळणावर तो कुशीवर पडला होता. दोन्ही बाजूंना मुरमाच्या दोन पुरुष उंच भिंती, वर आभाळाची नुसती पट्टी. सव्वाअकराचं ऊन घळीत नीट उतरलंही नव्हतं. सोनम स्ट्रेचरवाल्यांच्या मागोमाग पळत आली आणि त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. मानेवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग काढली.

सोनमनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. बारामतीत माती आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. शर्यतीत धावणाऱ्यांना द्यायचं सूचनांचं पत्रक तिनं लिहिलं होतं, सगळ्या नोंदीही तिच्याकडं होत्या. पण त्याआधी ती निरवांगीच्या शाळेत आठवीपासून दहावीपर्यंत शंभूराजच्या वर्गात होती. आजोळी राहून शिकत होती तेव्हा. मधल्या सुट्टीत तो शाळेला पाच फेऱ्या मारायचा आणि ती मोजायची.

आताही तिनं सवयीनं बघून ठेवलं. घड्याळाचा पट्टा नेहमीच्या घरात नव्हता. जिथं रोज अडकवून रबर पांढरं पडलं होतं, त्याच्यापेक्षा दोन घरं सैल केला होता. दुसऱ्या मनगटावरचा काळा दोरा मांसात रुतला होता. तोंडाजवळचा मुरूम ओला होता. उलटी झाली होती, पण ती नुसत्या पाण्याची, काचेसारखी. कपाळावर खरचटलं होतं.

"ऊन लागलं," कुणीतरी म्हणालं. "पाण्यावाचून गेलं पोरगं."

"पाण्यावाचून कसं? तीन किलोमीटर मागं पाण्याचा टप्पा हाय की."

"तितं कोण हाय म्हाईत हाय ना? सावळाराम."

स्ट्रेचरवाल्यांनी स्ट्रेचर खाली ठेवलं. मग मागून एक म्हातारा आवाज आला, "बापाची मेंढरं तहानेली मारली. आता पोरगं मारलं."

२

लासुर्ण्याच्या पलीकडच्या माळावरून सकाळी सहाला निघायचं, वाळक्या गवतातून, कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून, घळींतून वळसे घेत निरवांगीला पोचायचं, अशी ती पन्नास किलोमीटरची शर्यत. उसाच्या हिरव्या पट्ट्यातून आलेल्या माणसाला हा मुलूख इथलाच आहे हे खरं वाटत नाही. मुरूम, तरवड, खुरटी बोरं, मध्येच उठून पळणारं एखादं चिंकारा हरीण. शर्यतीचं हे दुसरं वर्ष. मागच्या वर्षी शंभूराज पहिला चालला होता आणि अडतीसाव्या किलोमीटरला पायांत गोळे येऊन पडला होता. यंदा तो जिंकणार हे सगळ्यांनी धरलंच होतं.

सावळारामाची गोष्ट जुनी. अठरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यानं आपल्या हौदाला कुलूप घातलं होतं. शंभूराजचा बाप दादासो मेंढरं घेऊन दारात आला, हात जोडले, तरी ते उघडलं नाही. दादासोची चाळीस मेंढरं माळावर मेली. दादासो आता हयात नव्हता. मेंढरं दोघांचीही राहिली नव्हती, दोन्ही घरं शेती करत होती. सावळाराम त्यानंतर दरवर्षी उन्हाळाभर रस्त्याकडेला दोन रांजण भरून ठेवायचा. लोक पाणी प्यायचे, पण गोष्ट विसरले नव्हते.

शर्यतीचा आयोजक दिग्विजय बारामतीचा. त्यानं त्याच दुपारी एकेचाळिसाव्या किलोमीटरचा टप्पा स्वतः जाऊन पाहिला. पाण्याचा ड्रम, मीठ-साखर-लिंबाच्या सरबताची बादली, कागदी ग्लासांची थप्पी. शर्यत मध्येच थांबवल्यामुळं तिथून फक्त दोन जण गेले होते. आधी शंभूराज, मग अविराज. वापरलेला ग्लास एकच होता.

"आबा, ग्लास एकच कसा?" दिग्विजयनं विचारलं.

"दुसऱ्या पोरानं घेतला."

"आणि शंभूनं?"

"म्या दिलं. त्यानं घेतलं न्हाय."

भोवती जमलेली माणसं हसली. ते हसणं वाईट होतं.

"एकेचाळीस किलोमीटर पळून आल्याला माणूस पाणी घेत न्हाय व्हय, सावळाराम?" एकानं विचारलं. "का हितंबी कुलूप घातलंस?"

सावळारामानं मान खाली घातली आणि ग्लासांची थप्पी सरळ करत राहिला.

तिसऱ्या दिवशी सोनम त्या रस्त्यानं गेली तेव्हा रांजण भरलेले होते. त्यांच्यापुढं कुणीतरी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकली होती, शेताचं खिंडार बंद करायला टाकतात तशी.

तिनं स्कूटी थांबवली. या टप्प्यावर सावळारामाचं नाव तिनंच यादीत घातलं होतं, तो तीनदा येऊन मागून गेला म्हणून. आणि न जुळणारी गोष्ट तिला तशीच सोडता येत नसे. तहानेनं मेलेल्या माणसाचा दोरा सैल व्हायला हवा. मनगट बारीक होतं, कातडी ढिली पडते. शंभूचा दोरा रुतला होता.

तिनं फांदी उचलून कडेला टाकली आणि सावळारामाच्या दारात जाऊन उभी राहिली.

३

"पाणी पितीस का?" सावळारामानं विचारलं आणि लगेच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुला बोल लागंल."

"द्या आबा."

त्यानं तांब्या दिला. ती पीत असताना तो तोंडाकडं बघत राहिला, जणू पाणी खाली उतरतंय का ते त्याला पाहायचं होतं.

"खरं सांगा. तो पाणी नको म्हणाला?"

"लेकीवानी हायस म्हणून सांगतो. शप्पत घेतली तरी कोण ऐकणार? तो आला तवा नीट पळत नव्हता. पाय फाकत हुता. म्या ग्लास म्होरं केला. तर हातानं सारला. म्हणला, नको, पोट डचमळतंय. आन् म्हणला, ही पन ठिवा, जड झालीय."

"ही म्हणजे?"

सावळाराम उठून आत गेला. धान्याच्या कणगीमागून त्यानं फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली. फडकं सोडलं. कमरपट्ट्यात बसणारी निळी बाटली, वर सतरा आकडा. शंभूराजचा नंबर.

गळ्यापर्यंत भरलेली.

सोनमनं ती उजेडात धरली. सरबत. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं सगळ्यांच्या बाटल्यांत भरलेलं. बूच घट्ट होतं. त्यानं एकही घोट घेतला नव्हता.

"आबा, ही पोलिसांना का नाही दाखवलीत?"

"काय म्हणत्याल? थेरड्यानं पोराच्या कमरंची बाटली काडून घेतली." त्यानं फडकं मुठीत चुरगळलं. "दादासोच्या पोराला माज्या हातचं पानी द्यायचं म्हणून म्या तितं हुबा ऱ्हायलो गं. अठरा वर्सं वाट बघितली. आन् त्यानं काय केलं? टोमना मारला."

"टोमणा?"

"जाताना मागं वळला. माज्याकडं बघितलं. आन् म्हणला, दादा, मेंढरं पानी प्याली का?"

शंभूराज बापाला दादा म्हणायचा, हे सोनमला माहीत होतं.

"मग तुम्ही?"

"काय बोलणार? म्या म्हणलं, प्याली बाबा. समदी प्याली. मग गेला." सावळारामानं डोळ्यांवरून पंजा फिरवला. "मरताना माणूस आसा टोमना मारतो का गं?"

सोनमनं बाटली स्वतःच्या पिशवीत ठेवली. शंभूला ती ओळखत होती. त्याला टोमणे मारता येत नसत. वर्गात कुणी त्याला चिडवलं तर तो कानांपर्यंत लाल व्हायचा आणि मैदानावर निघून जायचा.

टोमणा नसेल, तर त्यानं ते मनापासून विचारलं होतं.

४

अविराज वडगाव निंबाळकरचा. घरी गोठा होता. सोनम गेली तेव्हा तो म्हशींपुढं वैरण टाकत होता. पहिल्या क्रमांकाची ढाल ओसरीच्या कोपऱ्यात होती, पोत्याखाली झाकलेली.

"मला माहीत होतं तू येशील," तो म्हणाला. "विचार."

"तू त्याच्या मागं होतास. घळीतून तूही गेलास. तो तुला दिसला?"

अविराजनं वैरणीचा भारा खाली ठेवला. "दिसला."

"मग पोलिसांना 'दिसला नाही' असं का म्हणालास?"

"कारण मी थांबलो नाही!" तो एकदम मोठ्यानं बोलला. आतून आईनं डोकावलं, तशी त्यानं मान फिरवली. "भिंतीला टेकून बसला होता. मी म्हणालो, काय शंभूशेठ, दमलात का? तर माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, शाळा सुटली का? मला वाटलं चेष्टा करतोय. पळताना आम्ही एकमेकांना असलं बोलतोच. मी म्हणालो, सुटली, ये आता दप्तर घेऊन. आणि गेलो पुढं."

"कपाळाला लागलेलं होतं?"

"नव्हतं. तेव्हा काहीच नव्हतं." तो खाली बसला. "थांबलो असतो तर वाचला असता का गं?"

"माहीत नाही," सोनम म्हणाली. ते खरंच होतं.

ती रस्त्याला लागली तोच दिग्विजयचा फोन आला. "सोनम, शवविच्छेदनाचा कागद आलाय. उन्हाचं काही लिहिलेलं नाही. मेंदूला सूज आहे. खूप सूज. कपाळावर जखम होती ना? निरवांगीत सगळे म्हणतायत की त्याला कुणीतरी डोक्यात मारलं. आणि शेवटचा त्याच्याजवळ अविराज होता."

म्हणजे आता दोन माणसं झाली होती. एक पाणी न देणारा आणि एक मारणारा.

५

दिग्विजयच्या कचेरीत सोनमनं तो कागद दोनदा वाचला. कवटी शाबूत. कपाळावर फक्त वरवरचं खरचटणं, पडताना झालेलं. आत रक्त साकळलेलं नाही. सूज होती ती सगळ्या मेंदूला, सारखी. माराची सूज अशी नसते.

तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. वजन : ५८.९.

"दादा, याचा नंबराचा कापडी तुकडा कुठं आहे?"

दिग्विजयनं पाकिटातून काढून दिला. मागच्या बाजूला सोनमच्या अक्षरात आकडा होता. शर्यतीच्या सकाळी दूध डेअरीच्या काट्यावर तिनं प्रत्येकाला उभं करून लिहिलेला. ५६.२.

"काटा चुकला असेल," दिग्विजय म्हणाला.

सोनम त्याच दुपारी डेअरीच्या आणि शवविच्छेदन झालेल्या दवाखान्यातल्या, दोन्ही काट्यांवर स्वतः उभी राहून आली. फरक दीडशे ग्रॅमचा निघाला. परत येऊन तिनं दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले.

"पाच तास पळणाऱ्या माणसाचं वजन कमी होतं. दोन किलो, कधी तीन. शंभूचं अडीच किलोनं वाढलं होतं. म्हणून त्यानं घड्याळाचा पट्टा सैल केला. म्हणून दोरा रुतला. दादा, तो पाण्यावाचून नाही मेला."

"मग?"

"पाण्यानं मेला."

दिग्विजयनं शवविच्छेदनाचा कागद पुन्हा स्वतःकडं ओढला.

"घामातून मीठ जात होतं आणि आत नुसतं पाणी येत होतं. रक्तातलं मीठ पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं. सगळं अंग थोडं थोडं फुगतं. हाताचं मनगट फुगलं तर दोरा रुतेल, बाकी काही नाही. पण मेंदूला कवटी असते. त्याला फुगायला जागाच नाही. मग माणूस बरळतो. सावळाराम त्याला बाप वाटला. अविराज शाळेतला कुणी मित्र वाटला. टोमणा नव्हता तो, चेष्टाही नव्हती."

"पण पाणी दिलं कुणी? आपल्या पाचही टप्प्यांच्या नोंदी आहेत. पहिल्याला त्यानं एक ग्लास घेतला. पुढं सगळीकडं हात हलवून गेला."

"अंदाजे चार लिटर घाम गेला असेल. वजन अडीच किलोनं वाढायला साडेसहा-सात लिटर पाणी पोटात जायला हवं." सोनमनं रस्त्याचा नकाशा टेबलावर पसरला. "एवढं पाणी त्यानं आपल्या टप्प्यांच्या मध्ये कुठंतरी प्यायलं. आणि ज्यानं दिलं तो गप्प बसलाय."

६

बाराव्या किलोमीटरला रस्ता एका वस्तीच्या अंगणावरून जात होता. तिथं शंभूराजची आत्या बानूबाई राहायची. सोनमला बघताच तिनं पदर तोंडाला लावला.

"आत्या, शंभू इथून गेला तेव्हा तुम्ही त्याला पाहिलंत?"

"न्हाय बया. मी रानात हुते."

अंगणात तुळशीजवळ पितळी तांब्या होता, घासून लखलखीत केलेला, मध्ये हळदीकुंकवाची बोटं. रोजच्या वापराचा तांब्या कुणी असा मांडून ठेवत नाही.

"याची पूजा केलीत?"

बानूबाईला हुंदका आला. "कुनाला सांगू नगंस. बाहेरच्यांनी काय दिलं तर नंबर बाद करत्यात म्हणं. मेल्यावर तरी त्याचा नंबर कापू नका गं."

"नाही कापणार."

"एक तांब्या दिला म्या. एकच. माज्या हातचं पानी पिऊन गेला ल्योक."

"सगळा प्यायला?"

"समदा! पानी उरवून माघारी द्यायचं नसतं. आमची माणसं मेंढरं घेऊन निघायची ना, तवा शिवंवर बाई तांब्या घेऊन हुबी ऱ्हायची. तळ दिसंस्तवर प्यायचा. उरलेलं माघारी दिलं तर वाटंत तहान गाठती, आसं आमच्यात धरत्यात. मेंढरं गेली, पर ही रीत म्या सोडली न्हाय."

एक तांब्या, पाऊण लिटर. त्यानं काहीही बिघडत नाही. सोनम पुढं निघाली. एकविसाव्या किलोमीटरला रेश्मा होती, शंभूची चुलत बहीण. तिनंही आधी नाही म्हटलं, मग रडली, मग म्हणाली, "एकच तांब्या, ताई. देवाशपथ."

संध्याकाळच्या आत सोनम निरवांगीला शंभूच्या घरी पोचली. त्याची आई ठमाबाई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. धाकटी बहीण छकुली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, ओट्यावर बसली होती.

"छकुली, किती जणी उभ्या होत्या?"

छकुली उठली आणि देवळीतून चार घड्या घातलेला कागद आणून तिच्या हातात दिला.

कागदाच्या मागच्या बाजूला पेनानं यादी केलेली होती. पाच, नऊ, बारा, सतरा, एकवीस, सव्वीस, तीस, चौतीस, अडतीस. प्रत्येक आकड्यापुढं एक नाव. आत्या, मावशी, चुलत बहीण, मामी. अडतीसपुढं लिहिलं होतं, आई.

नऊ तांबे.

"मागच्या वर्षी गोळे आले ना, तेव्हा आई म्हणाली, पाणी कमी पडलं त्याला. बापाची मेंढरं तशी गेली, पोरगं तसं जाऊ द्यायचं न्हाय. मग मी सगळ्यांना फोन केले. कुणाला दुसरीचं सांगितलं नाही. बोलता बोलता बाहेर गेलं असतं तर दादाला बाद केलं असतं." छकुली बोटं मोडत होती. "तो नको नको म्हणत होता शेवटी. आईसमोर म्हणाला, आता पाणी जात नाही. आईनं डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा प्यायला."

मागच्या वर्षीचे गोळेही पाणी कमी पडून आले नव्हते, मीठ कमी पडून आले होते. सोनमला ते आत्ता कळत होतं. पोट भरलेलं म्हणून शंभूनं सरबताला हात लावला नाही, आणि सरबतातच मीठ होतं.

"ताई," छकुली हळू आवाजात म्हणाली, "एकेचाळीसला पण कुणाला तरी उभं करायला पाहिजे होतं का आम्ही? तिथं सावळाराम होता म्हणून सोडलं. दहावा तांब्या दिला असता तर दादा वाचला असता ना?"

सोनमनं कागद उलटला.

पुढच्या बाजूला छापील मजकूर होता. शर्यतीच्या सूचना. चौथ्या ओळीखाली छकुलीनं लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. 'तहान लागण्याची वाट पाहू नका. जेवढं जमेल तेवढं पाणी प्या.'

ती ओळ सोनमनं लिहिली होती. एका संध्याकाळी, कुठल्याशा पत्रकावरून उतरून घेऊन, एकदाही तपासून न पाहता. प्रयोगशाळेत ती पाण्याचा एक थेंबही दोनदा मोजल्याशिवाय वहीत लिहीत नसे.

७

सावळारामानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं अंगणातल्या कोंबड्यांपुढं मूठभर दाणे टाकले.

"म्हंजी टोमना न्हवता तो."

"नव्हता, आबा. त्याला तुम्ही त्याचे वडील वाटलात."

"आन् म्या म्हणलं, समदी प्याली." त्यानं मान हलवली. "बरं झालं. काय तरी चांगलं ऐकून गेला."

"उद्या दहावा आहे. सगळे नदीवर असतील. मी सांगणार आहे."

"काय सांगणार? त्या बाईला सांगणार, तुज्या तांब्यानं पोरगं मारलं?" सावळाराम उठून उभा राहिला. "न्हाय सांगायचं. माज्या रांजणाचं पानी लोक पितील न्हायतर न्हाय. मी मेल्यावर काटं कोन टाकणार हाय? पर ती बाई आजून लई वर्सं जगायची हाय. आन् ती पोर तर कवळी हाय."

"तुमच्यावर आळ ठेवू? अविराजवर ठेवू?"

"त्या पोराला सोडीव. माजं मी बघतो."

"आबा, मला खोटं नाही बोलता येत."

"मग खरंच बोल," म्हातारा म्हणाला. "पर खरं लई मोठं आसतं. त्यातलं आपल्या वाटनीचं तेवडं उचल."

दुसऱ्या दिवशी नीरेच्या काठी पिंडाला कावळा शिवला. माणसं उठायच्या बेतात होती. सावळाराम लांब, करंजाच्या झाडाखाली एकटा उभा होता. अविराज त्याच्याही पलीकडं, मोटारसायकलला टेकून. दिग्विजयनं हात वर करून लोकांना थांबवलं आणि सोनम पुढं झाली. तिच्या हातात निळी बाटली होती.

"ही शंभूची बाटली," ती म्हणाली. तिनं बाटली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "शंभूला कुणी मारलं नाही. कपाळावरचं खरचटणं पडून झालेलं आहे, कागदावर तसंच लिहिलंय. सावळाराम आबांनी पाणी दिलं होतं. शंभूनं घेतलं नाही, कारण त्याला ते नको होतं. त्याच्या शरीरात पाणी कमी नव्हतं. मीठ कमी होतं. मीठ या बाटलीत होतं आणि ती भरलेली राहिली."

"मग त्याला कुनी सांगितलं न्हाय व्हय, मीठ घे म्हणून?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही सांगितलं. सांगायचं काम माझं होतं." सोनमनं छापील पत्रक उलगडलं. मागची यादी तळहातानं झाकली गेली होती. "यात मी लिहिलं, जेवढं जमेल तेवढं पाणी प्या. मिठाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. हे चुकीचं होतं. ते वाचून जो कुणी जसा वागला, त्यात त्याची चूक नाही. ती चूक माझी आहे."

नदीच्या पाण्यात एक बगळा उतरला आणि पुन्हा उडाला.

"मघाशी काय म्हणलीस?" ठमाबाईनं विचारलं. दहा दिवसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "पानी कमी न्हवतं?"

"नाही मावशी."

"आजिबात न्हवतं?"

सोनमनं मान हलवली. ठमाबाई तिच्या हातातल्या कागदाकडं बघत होती. तळहाताच्या खालून, कागदातून आरपार उमटलेल्या लाल रेघेचं टोक दिसत होतं. मग तिनं शेजारी बसलेल्या छकुलीकडं बघितलं, पलीकडं बानूबाईकडं, रेश्माकडं, एकेकीकडं. ओठ हलले. ती मोजत होती हे फक्त सोनमला समजलं.

मोजून झाल्यावर ठमाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. बायांनी धरायला हात पुढं केले, ते तिनं बाजूला सारले. वाळूतून चालत ती करंजाच्या झाडापाशी गेली.

"सावळाभावजी," ती म्हणाली, "पानी हाय का?"

सावळारामानं झाडाच्या बुंध्याशी ठेवलेली कळशी वाकवली, तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. सगळा काठ बघत होता. अठरा वर्षांत त्या घरातल्या माणसानं त्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

ठमाबाईनं तांब्या तोंडाला लावला. दोन घोट, तीन घोट, चार. मग थांबली.

"पुरा पी गं वयनी," बानूबाई काठावरून सवयीनं बोलून गेली. "उरवू नगंस."

ठमाबाईनं तांब्यात बघितलं. छकुली उठून उभी राहिली होती, आईकडं एकटक बघत.

"बास," ठमाबाई म्हणाली. "माणसाला नको आसंल तवा नको म्हणू द्यावं."

आणि तिनं अर्धा भरलेला तांब्या सावळारामाच्या हातात माघारी दिला.